सात सेकंद

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. "अरे, लिहिणं सोडलंस की काय?" असं दोघातिघांनी विचारलं. सोडलं नाही. एका सात सेकंदांच्या तुकड्यापायी माझे चार रविवार गेले, त्यातून आत्ता कुठे डोकं वर काढतोय. त्याचीच ही गोष्ट.

आधीच सांगून ठेवतो, मधे थोडा तांत्रिक भाग आहे. कॉम्प्युटरवाल्या मित्रांना तो जुजबी वाटेल आणि नातेवाईक मंडळींना कंटाळवाणा. पण मामी, तुम्ही नेहमीसारखी मधली पानं गाळून शेवटावर उडी मारू नका हं. या वेळी मधलं गाळलंत तर शेवट कळणार नाही.

तर झालं असं...

धाकट्या आत्याचं लग्न १९९२ च्या मे महिन्यात मिरजेला झालं. मी तेव्हा नववीतून दहावीत गेलो होतो. आमच्या घरातलं व्हिडिओ शूटिंग झालेलं ते पहिलंच लग्न. पुढे शूटिंगवाला, त्याच्यामागे प्रखर दिवा धरून चालणारा एक पोऱ्या आणि त्याच्यामागे वायरचं भेंडोळं सांभाळणारा दुसरा पोऱ्या, अशी ती वरात कार्यालयभर फिरायची. दिवा ज्याच्यावर पडेल तो माणूस आपोआप ताठ व्हायचा आणि केस सारखे करायचा. नेमका जेवतानाच पडला तर घास हातातच राहायचा.

कन्यादान आजी-आजोबांनी केलं. बाबा थोरले भाऊ, त्यामुळे पैशांचा हिशेब, पंगती, व्याह्यांची मर्जी हे सगळं त्यांच्याकडे. पण या धावपळीतही त्यांनी स्वतःकडे एक हौसेचं काम राखून ठेवलं होतं. बहिणीसाठी त्यांनी चार मंगलाष्टकं रचली होती. शार्दूलविक्रीडितात, म्हणजे ओळीला १९ अक्षरं आणि बाराव्या अक्षरावर यती. त्याआधी महिनाभर ऑफिसातून आले की चहाचा कप निवेपर्यंत बोटांवर लघु-गुरू मोजत बसायचे. एखादं अक्षर बसलं नाही की आईला विचारायचे, "याला दुसरा शब्द काय गं?" आई पोळ्या लाटता लाटता शब्द सुचवायची. हे मला आत्ता लिहिताना आठवलं.

बाबा २००९ साली गेले. त्यांचा आवाज असलेली दुसरी कुठलीही वस्तू आमच्याकडे नाही. तेव्हा मोबाइलवर कुणी उठसूट शूटिंग करत नसे, आणि करता आलं असतं तरी बाबांनी करू दिलं नसतं. उरलं ते एवढंच, त्या लग्नाच्या कॅसेटमधली साडेसहा मिनिटं.

आता त्या कॅसेटचा प्रवास ऐका. मूळ व्हीएचएस कॅसेट तीन तासांची. २००६ मध्ये पुण्यात एका दुकानातून तिची डीव्हीडी करून घेतली. २०१४ मध्ये भाच्याने त्या डीव्हीडीची एमपी४ फाइल केली. केली ते फार बरं झालं, कारण आज कॅसेटला पांढरी बुरशी आलीय, आणि डीव्हीडी घातली की प्लेअर नुसता घुर्र घुर्र करतो आणि मग ताट बाहेर काढून दाखवतो. थोडक्यात, ती एक फाइल हीच आता मूळ प्रत.

मागच्या वर्षी आईला पंचाहत्तर पूर्ण झाली. औक्षण, जेवण, सगळं घरातल्या घरातच. भाऊ, वहिनी, मुलं, मिरजेहून धाकटी आत्या आणि काका, एवढेच. मी ठरवलं की बाबांची मंगलाष्टकं तेवढी कापून पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि टीव्हीवर लावून आईला चकित करायचं.

अडचण एकच होती. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी काही सेकंद बाबा माइकसमोर उभे आहेत आणि खिसे चाचपतायत. कागद सापडत नाहीये. मुहूर्त तोंडावर आलाय, गुरुजी बघतायत, आणि त्या घाईत बाबा आईला उद्देशून एक वाक्य बोलतात. माइक चालू. ते वाक्य अख्ख्या मांडवाने ऐकलं असणार. कुणीतरी हसल्याचाही आवाज आहे. वाक्य काय होतं ते इथे लिहीत नाही. कारण पुढे कळेल. पण आपल्या ओळखीच्या निम्म्या घरांत निम्मे नवरे रोज बोलतात त्यातलंच एक समजा.

पंचाहत्तरीच्या दिवशी ते वाक्य आईला ऐकवायचं? छे! मी ते कापायचं ठरवलं. बाबांच्या पहिल्या सुरापासून तुकडा सुरू, विषय संपला.

कापायला एक फुकट प्रोग्राम घेतला. त्यात दोन मार्ग असतात. एक म्हणजे सगळा व्हिडिओ उलगडून पुन्हा नव्याने दाबून बसवायचा, म्हणजे रि-एन्कोड करायचा. दुसरा म्हणजे आहे तसाच कॉपी करून फक्त हवा तेवढा भाग उचलायचा. पहिल्यात चित्राची प्रत उतरते. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. आमची फाइल आधीच कॅसेटची डीव्हीडी आणि डीव्हीडीची एमपी४, म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. बाबांचा चेहरा पडद्यावर जेमतेम लिंबाएवढा, त्यात डोळे कुठे आणि चष्मा कुठे हे कळतंय तोवर आहे. आणखी एकदा दाबला तर तेही जाईल. म्हणून दुसरा मार्ग घेतला. दोन सेकंदांत फाइल तयार! कॉम्प्युटरवर लावून पाहिली, बरोब्बर पहिल्या सुरापासून सुरू. मी खूश.

संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसले. मी पेन ड्राइव्ह लावला, बटण दाबलं...

आणि टीव्हीवर बाबा खिसे चाचपू लागले. मग ते वाक्य. खणखणीत.

रिमोट माझ्या हातातच होता, पण ऐन वेळी कुठलं बटण कशाचं ते कळेना. खोलीत कुणी काही बोललं नाही. काका उगाचच खाकरले. आई म्हणाली, "राहू दे, बंद करू नकोस." मग बाबा म्हणू लागले आणि आम्ही सगळे त्या आवाजात गेलो. आत्या रडली. पण माझं निम्मं लक्ष मागेच अडकलं होतं. मी कापलं होतं ना? मग आलं कुठून?

आता तांत्रिक भाग. मामी, इथेच थांबा.

डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, आणि आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला अशी २५ चित्रं. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर एका सेकंदाचे ३१ एमबी होतात आणि तासाचे सुमारे ११२ जीबी. साधी डीव्हीडी ४.७ जीबीची. म्हणजे नुसत्या तासाभराच्या लग्नाला जवळपास २४ डीव्हीड्या लागतील. म्हणून व्हिडिओ दाबून बसवावा लागतो. तो कसा बसवतात, तर आई जसा दुधाचा हिशेब लिहायची तसा.

आमच्याकडे दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर असे. १ तारखेच्या चौकोनात पूर्ण आकडा, "दीड लिटर". २ तारखेला नुसती खूण, म्हणजे वरप्रमाणे. ३ लाही तीच. पाहुणे आले की "अर्धा जास्त". मग पुन्हा खुणा. महिनाभर असं, आणि पुढच्या १ तारखेला परत पूर्ण आकडा. जागा कमी लागते आणि काही हरवत नाही.

व्हिडिओही असाच. एक चित्र पूर्ण साठवतात, त्याला की-फ्रेम म्हणतात. त्यानंतरच्या चित्रांत फक्त फरक लिहिलेला असतो: मागचं सगळं तसंच, गुरुजींचा हात थोडा वर गेलाय, एवढंच. काही चित्रं तर मागचं आणि पुढचं अशी दोन्हीकडची बघून "या दोहोंच्या मधलं" अशी लिहिलेली असतात. त्यामुळे फाइलमधला चित्रांचा क्रम आणि दिसण्याचा क्रम वेगवेगळा असू शकतो.

आता कॅलेंडर १२ तारखेपासून कात्रीने कापा आणि उरलेला तुकडा दूधवाल्याच्या हातात द्या. तो म्हणेल, "वरप्रमाणे म्हणजे किती?" त्याला उत्तर नाही. १ तारखेचा चौकोन गेला की पुढच्या सगळ्या खुणा निरर्थक. काही व्हिडिओ कापल्यावर सुरुवातीला आवाज येतो आणि चित्र मात्र गोठलेलं किंवा करड्या ठिगळांचं दिसतं ना, त्याचं कारण हेच. आवाजाला हा जाच नाही. त्याचे तुकडे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतके बारीक असतात आणि साधारण कुठूनही उचलता येतात. अडतं ते चित्राचं.

डीव्हीडीवर या पूर्ण चित्रांमधलं अंतर फार नसतं. आपल्याकडच्या पद्धतीत बारा-पंधरा चित्रांमागे एक, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आसपास. पण भाच्याने फाइल केली ती एच.२६४ प्रकारात, आणि त्यासाठी जो एक्स२६४ नावाचा एन्कोडर सर्रास वापरतात, त्याला आपण काही सांगितलं नाही तर तो २५० चित्रांपर्यंत खुणांवर ढकलत नेतो. २५० चित्रं म्हणजे दहा सेकंद! दृश्य बदललं तर तो मधेच नवी की-फ्रेम घालतो, पण मंगलाष्टकांच्या वेळी शूटिंगवाल्याने कॅमेरा स्टँडवर लावून ठेवला होता. दृश्य बदललंच नाही. त्यामुळे आमच्याकडे पुरे दहा सेकंदांचे महिने.

आणि बाबांचा पहिला सूर नेमका अशा एका महिन्याच्या मधे, की-फ्रेमपासून सात सेकंदांवर.

मग माझ्या प्रोग्रामने काय केलं? सात सेकंद मागच्या की-फ्रेमपासून सगळं उचललं, नाहीतर चित्र उघडलंच नसतं. आणि फाइलच्या डोक्याशी एक चिठ्ठी लावली: "पहिली सात सेकंदं दाखवू नका." एमपी४ फाइलमध्ये अशी सोय असते, तिला एडिट लिस्ट म्हणतात. माझ्या कॉम्प्युटरने चिठ्ठी वाचली. टीव्हीने वाचली नाही. चूक टीव्हीची म्हणता येईल, पण खरी चूक माझी. मी कापलंय असं मला वाटत होतं. मी फक्त झाकलं होतं.

(हे सगळ्यांनीच लक्षात ठेवण्यासारखं आहे. व्हिडिओतला नको तो भाग "कापून" कुणाला पाठवत असाल, तर तो खरंच गेलाय की चिठ्ठीमागे बसलाय ते बघा. प्रत्येकाचा प्लेअर चिठ्ठी वाचेलच असं नाही.)

असो. तांत्रिक भाग निम्मा संपला.

त्या रात्री सगळे झोपल्यावर आई स्वयंपाकघरात दूध झाकून ठेवत होती. मी म्हटलं, "आई, सॉरी. मी ते काढलं होतं गं."

"मुद्दाम काढलं होतंस?"

"हो. आजच्या दिवशी कशाला ते..."

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मलाही काढलंस की त्यातून."

मला कळेचना. ती म्हणाली, "तू नुसतं ऐकलंयस. बघ एकदा."

मी खोलीत जाऊन लॅपटॉपवर ती सात सेकंदं आवाज बंद करून पाहिली. खरंच, इतक्या वर्षांत मी ती फक्त ऐकली होती. ते वाक्य आलं की अंग चोरायचं आणि पुढे जायचं, हीच सवय. आवाज बंद केल्यावर दिसलं ते असं: बाबा दोन्ही खिसे चाचपतात, काहीतरी बोलतात. डावीकडून आई येते. हिरवी साडी, पदर खोचलेला, हात ओला असावा, कारण येता येता तो पदराला पुसते. काहीही न बोलता बाबांच्या कोटाच्या आतल्या खिशात हात घालते, कागद काढते, उलगडून त्यांच्या हातात देते. बाबा कागदाकडे बघतात, मग तिच्याकडे. आणि हसतात. कसंनुसं, पकडला गेलेला माणूस हसतो तसं. तोवर आई निघून गेलेली असते. पुढे पहिला सूर.

कागद बाबांच्याच खिशात होता!

मग मी रात्री बसून अख्खी कॅसेट पाहिली, दोन तास अडतीस मिनिटं. आई किती वेळा दिसते ते मोजत. पाठमोरी दोनदा. पंगतीत जिलेबी वाढणारा नुसता हात एकदा, तोही मी बांगड्यांवरून ओळखला. घरच्यांचा एकत्र फोटो काढतानाच्या शूटिंगमध्ये कुणीतरी ओरडतंय, "वहिनी, या ना लवकर," आणि कोठीघराच्या बाजूने आवाज येतो, "आले, आले." ती यायच्या आत शूटिंगवाला दुसरीकडे वळलाय. रुखवत मांडला तिने, कोठी सांभाळली तिने, पहाटे चारला उठून पाहुण्यांचं पाणी तापवलं तिने. घरातल्या पहिल्या शूटिंगमध्ये तिचा चेहरा समोरून दिसतो तो एकदाच, त्या सात सेकंदांतल्या शेवटच्या अडीच सेकंदांत.

आणि मी नेमकं तेच कापायला निघालो होतो. आईला वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर मला वाचवायचं होतं ते बाबांना. त्यांचा आवाज तेवढा चांगला चांगला उरावा म्हणून.

सकाळी आईला विचारलं, "मग ते सगळं ठेवू का? अगदी सुरुवातीपासून?" ते सोपं होतं. सात सेकंद मागे की-फ्रेम आहेच, तिथून कापलं की काही कटकट नाही.

आई म्हणाली, "नको. ते वाक्य काढ. एकदा चारचौघांत झालं तेवढं पुरे, आता नातवंडांना कशाला ऐकवायचं? मी खिशात हात घालते ना, तिथून ठेव." मग जरा थांबून, "पण तुझ्याकडची पूर्ण आहे तशी राहू दे. ह्यांचं बोलणं काही खोटं नव्हतं. लिहिणं-खोडणं वेगळं आणि हरवणं वेगळं."

आता आली का पंचाईत! आईने सांगितलेली जागा म्हणजे की-फ्रेमपासून ११३ वं चित्र. वाक्याचं शेवटचं अक्षर संपतं १११ व्या चित्रावर. मधे दोन चित्रं. एक चित्र म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. चार चित्रं आधी कापलं तर अक्षराची शेपटी ऐकू येणार, दहा चित्रं नंतर कापलं तर आईचा हात आधीच खिशात गेलेला. आणि या वेळी चिठ्ठी लावून झाकायचं नव्हतं, खरोखर कापायचं होतं. कारण हा तुकडा आता सगळ्यांकडे जाणार, प्रत्येकाचा टीव्ही वेगळा.

पुन्हा कॅलेंडर घ्या. १२ तारखेपासूनचा हिशेब हवाय, पण १ तारखेचा चौकोन द्यायचा नाहीये. मग काय करायचं? १ पासून बेरीज-वजाबाकी करत १२ चा पूर्ण आकडा काढायचा आणि १२ पासून महिनाअखेरपर्यंतचे चौकोन एका नव्या कागदावर लिहून काढायचे. पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून सगळं मूळ कॅलेंडर जसंच्या तसं, आणि नवा कागद त्याच्या आधी चिकटवायचा. याला स्मार्ट कट म्हणतात. सगळं रि-एन्कोड नाही, फक्त कापल्या जागेपासून पुढच्या की-फ्रेमपर्यंत.

तुम्ही म्हणाल, नुसता १२ तारखेचा एक चौकोन नव्याने लिहायचा आणि पुढच्या खुणा जुन्याच ठेवायच्या, तेवढ्यानेच भागेल की. दुधात भागेल, व्हिडिओत नाही. नव्याने दाबलेलं चित्र मूळ चित्राशी तंतोतंत जुळत नाही, केसाएवढा फरक राहतोच. त्यावर जुने "फरक" चढवत गेलं की ती चूक पुढे पुढे वाहत जाते. शिवाय त्या जुन्या खुणांतल्या काही १२ तारखेच्याही मागे बोट दाखवत असतात. म्हणून पुढच्या १ तारखेपर्यंत सगळंच नव्याने लिहायचं.

आमच्या बाबतीत ती चित्रं किती? २५० वजा ११३, म्हणजे १३७. साधारण साडेपाच सेकंद. सगळा तुकडा सहा मिनिटं दहा सेकंदांचा, म्हणजे ९,२५० चित्रांचा. त्यातली १३७ नवी, उरलेली ९,११३ जशीच्या तशी. शंभरातली दीड. बाबा म्हणायला लागतात ते या नव्या तुकड्यात, पण तीनच सेकंद. बाकी सगळं गाणं हात न लावलेलं.

ऐकायला सोपं वाटतं. एफएफएमपेग नावाचं एक अवजार आहे, फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच गृहस्थाने २००० साली सुरू केलेलं आणि आज जगभरातल्या असंख्य प्रोग्रामांच्या पोटात बसलेलं. त्याने पहिल्या रविवारी मी दोन्ही तुकडे केले, जोडले आणि लावून पाहिले. पहिले साडेपाच सेकंद झकास, आणि पुढे बाबांचा चेहरा हिरवा-जांभळा!

कारण शोधण्यात दुसरा रविवार गेला. प्रत्येक एच.२६४ व्हिडिओबरोबर, तो कोणत्या रीतीने उलगडायचा याचं एक सूचनापत्र असतं. एमपी४ मध्ये ते बहुधा एकदाच, फाइलच्या डोक्याशी ठेवतात. माझ्या जोडलेल्या फाइलच्या डोक्याशी पत्र होतं नव्या तुकड्याचं, आणि जुना तुकडाही त्याच रीतीने वाचला जात होता. एका शिंप्याची मापं घेऊन दुसऱ्याने शिवलेला सदरा उसवल्यासारखं. उपाय असा की दोन्ही तुकडे आधी टीएस प्रकारात न्यायचे. टीव्हीचं प्रक्षेपण ज्या प्रकारात होतं तो हा प्रकार. कुणीही मधेच टीव्ही लावू शकतो, म्हणून त्यात सूचनापत्र वाटेत पुन्हा पुन्हा येत राहतं. मग तुकडे जोडायचे आणि परत एमपी४ करायचं.

तिसरा रविवार आवाज आणि ओठ जुळवण्यात गेला. आवाजाचे तुकडे आणि चित्रांचे तुकडे एकाच लांबीचे नसतात, त्यामुळे जोडावर थोडंसं इकडेतिकडे होत होतं. शेवटी आवाज अजिबात जोडलाच नाही. तो मूळ फाइलमधून एकसंध उचलला आणि चित्राखाली घातला. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

चौथ्या रविवारी जमलं. फाइलमधलं पहिलं चित्र आता स्वतःच की-फ्रेम आहे, त्याच्यामागे काही नाही. चिठ्ठीमागे काही दडलं नाही ना हे मी चित्रांची यादी काढून तपासलं. मग आमचा टीव्ही, भावाचा टीव्ही, आणि आत्याकडचा तो जुना टीव्ही, तिन्हींवर लावून पाहिलं. तिन्हीकडे एकच सुरुवात: ओला हात पदराला पुसून आई बाबांच्या कोटाच्या खिशात हात घालते.

१३७ व्या चित्रानंतर जिथे जोड आहे, तिथे बाबांच्या मागच्या पडद्याचा रंग अगदी किंचित उजळतो. तो मला एकट्याला दिसतो. बाकी कुणाला दाखवला तरी दिसत नाही.

आईने नवा तुकडा दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहताना म्हणाली, "ती हिरवी साडी मी कुणाला दिली असेल रे?" आत्या फोनवर म्हणाली, "वहिनी, मला आहे हो ती साडी, तुम्हीच दिलीत," आणि मग दोघी साड्यांवर अर्धा तास बोलल्या. माझ्या स्मार्ट कटबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बरोबरच आहे म्हणा. चांगला कापला असेल तर दिसतच नाही.

तुमच्याही कपाटात अशा कॅसेटी असतील तर या दिवाळीची वाट बघू नका. बुरशी वाट बघत नाही. आणि फाइल करून घेतलीत की ती मूळ फाइल कापू नका, ती दोन-तीन ठिकाणी तशीच ठेवा आणि काय कापायचं ते तिच्या प्रतीवर कापा. आज जे नकोसं वाटतंय त्यातच कुणाचा तरी एकुलता एक चेहरा असू शकतो.

हा लेख टाकायच्या आधी आईला वाचून दाखवला. तिने दोन ठिकाणी कात्री लावायला सांगितली. लावली. मूळ प्रत माझ्याकडे आहे.